गावठाणावर ड्रोन, गायरानावर नोटीस

देशाचे तंत्रज्ञान धोरण दिल्लीत ठरते. ते खाली कसे उतरते हे पाहायचे असेल, तर आमच्या नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही तहसील कचेरीबाहेरच्या झाडाखाली अर्धा दिवस बसावे. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. कचेरीबाहेरचे झाड आणि त्याखालची माणसे तीच आहेत.) वकिलीच्या निमित्ताने आम्ही तिथे बसतो. मागच्या खरिपात दक्षिणेकडच्या तालुक्यातले एक म्हातारे समाजबांधव नातवाला घेऊन आमच्याकडे आले. ‘जय भीम’ झाला, पाणी पिऊन झाले, मग त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून दंडाच्या पावत्यांची चळत काढली. गायरानातली दीड एकर जमीन ते चाळीसएक वर्षे कसत आहेत. पूर्वी तलाठी यायचा, अतिक्रमण म्हणून दंड करायचा आणि पावती द्यायचा. यंदा नातवाने मोबाइलवर ई-पीक पाहणीचे ॲप उघडले आणि गट नंबर टाकला.

म्हातारे म्हणाले, “वकीलसाहेब, नंबर टाकला की ‘सरकार’ असं येतंय. आता मी काय सरकार हाये व्हय?”

आम्ही हसलो, तेही हसले. पण देशाच्या तंत्रज्ञान धोरणाचा सगळा घोळ त्यांच्या त्या एका वाक्यात आला होता.

ई-पीक पाहणी महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, उपग्रहावरून ठिकाणाची खात्री होते आणि सातबाऱ्यावर पीक चढते. तलाठ्याने घरी बसून पीक लिहिण्याचा जुना धंदा त्यामुळे बंद होतो, हे आम्हाला मान्य आहे. कोऱ्या रानात ऊस आणि उभ्या ज्वारीवर पड दाखवणारे सातबारे आम्ही वर्षानुवर्षे कोर्टात पाहिले आहेत. तेव्हा ॲपशी आमचे वैर नाही. आमचे म्हणणे एवढेच की हे ॲप खातेदाराला ओळखते, कसणाऱ्याला ओळखत नाही. सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही, त्याचे पीक फोटोत दिसले तरी नोंदीत येत नाही.

चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्यांना यातला धोका लगेच कळेल. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. १४ एप्रिल ही तारीख आणि बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष, दोन्हींचा तो मान होता. त्यामागे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह होते. माणसे हजारोंनी तुरुंगात गेली तेव्हा कुठे सरकार एवढे हलले. पण त्या निर्णयाचा लाभ घ्यायला ताबा सिद्ध करावा लागतो. आणि ताबा कशाने सिद्ध होतो? गाव नमुना १-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, पीक पाहणीतल्या नोंदी आणि दंडाच्या पावत्या. दंडाची पावती हीच आमच्या माणसाची सनद, अशी ही विचित्र व्यवस्था! ज्या कागदाने त्याला गुन्हेगार ठरवले, त्याच कागदाने तो मालक होऊ शकत होता. आता पीक पाहणी मोबाइलवर गेली आणि हा कागद तयार होणेच थांबत चालले आहे. तलाठी म्हणतो, ‘ॲपमध्ये सोय नाही.’ सोय कुणी ठेवली नाही, का ठेवली नाही, हे विचारायला मात्र कुठलीच खिडकी नाही.

पुढची पायरी याहून मोठी आहे. केंद्राने २ सप्टेंबर २०२४ रोजी २,८१७ कोटी रुपयांचे डिजिटल कृषी अभियान मंजूर केले. त्यातल्या ॲग्रिस्टॅकमध्ये प्रत्येक शेतकऱ्याला ओळख क्रमांक मिळतो. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी हा क्रमांक सक्तीचा झाला. क्रमांक जमिनीच्या नोंदीला जोडलेला आहे. म्हणजे ज्याच्या नावावर जमीन तो शेतकरी. मुंबईत नोकरी करणारा, बांधावर कधी पाय न ठेवणारा खातेदार शेतकरी ठरतो. त्याची जमीन बटाईने कसणारा, गायरान कसणारा, दुसऱ्याच्या वावरात आयुष्यभर खुरपणारी आमची आया-बहीण, यांपैकी कुणी शेतकरी नाही. पूर्वी सरकारची ही समजूत शंभर दप्तरांत विखुरलेली होती, एखादा बरा तलाठी किंवा भला मंडल अधिकारी तीतून वाट काढून द्यायचा. आता ती एका संगणकात एकत्र झाली आहे आणि संगणकाला वाट काढता येत नाही.

नगर जिल्ह्याला तंत्रज्ञान नवे नाही. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला हा सर्वांत मोठा जिल्हा, चौदा तालुक्यांचा. अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्या काळात ते अभियांत्रिकीचे मोठे काम होते. धरणाचे पाणी कालव्याने खाली आले, उत्तरेकडचे तालुके उसाने भरले. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना होताच, पुढे १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. हा देशातल्या सहकाराचा मानबिंदू म्हणून शिकवला जातो आणि कर्तबगारी नाकारण्याचे कारण नाही. पण सभासद कोण? ऊस पिकवणारा. ऊस कुणाचा? ज्याची जमीन कालव्याखाली. कालव्याखाली जमीन कुणाची? इथे प्रश्न संपतो. धरण, कालवा, कारखाना, डिस्टिलरी आणि आता इथेनॉल अशी प्रत्येक नवी गोष्ट आधीच्या मालकीच्या वाटेनेच वाहत गेली. पाणी उताराने वाहते असे शाळेत शिकवतात. आमच्या जिल्ह्यात ते सातबाऱ्याने वाहते.

याच हरेगावला डिसेंबर १९३९ मध्ये बाबासाहेबांनी महार, मांग आणि वेठिया वतनदारांच्या परिषदेत सरकारला इशारा दिला होता. वतनाच्या जमिनीवरची जुडी वाढवण्याचा डाव होता. एका बाजूला कारखान्याचे धुराडे, दुसऱ्या बाजूला हाडकी-हाडवळ्याच्या तुकड्यावर वाढणारा कर. त्याच मातीत त्या काळचे आधुनिक यंत्र आणि मध्ययुगीन गुलामी शेजारी शेजारी नांदत होती आणि त्यांचे एकमेकांशी भांडण नव्हते. वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, कसणाऱ्या वतनदाराला ठरावीक रक्कम भरून जमीन परत मिळण्याची तरतूद झाली. किती जणांना ती रक्कम भरता आली आणि किती तुकडे गावच्या बड्या धेंडांकडे गेले, याची कहाणी प्रत्येक तालुक्यात वेगळी असली तरी शेवट सारखाच आहे. बेलापूर कंपनीची हजारो एकर जमीन कमाल धारणा कायद्याने सरकारकडे आली, १९६३ मध्ये शेती महामंडळ झाले. पुढे खंडकऱ्यांनी दीर्घ लढा देऊन आपल्या जमिनी परत मिळवल्या, तो त्यांचा हक्कच होता. मळ्यावर राबलेला कामगार मात्र राहत्या घराखालच्या दोन गुंठ्यांसाठी निवेदने देत राहिला.

बाबासाहेब यंत्राचे विरोधक नव्हते, हे आमच्या तरुणांना वेगळे सांगायला हवे. हल्ली ‘आंबेडकरी’ म्हणजे केवळ आरक्षण आणि स्मारक अशी समजूत इतरांनी करून दिली आहे आणि आपल्यातल्या काहींनी ती मानली आहे. १९१८ मध्ये लहान धारणक्षेत्रांवरच्या निबंधात त्यांनी मांडले की शेतीवर माणसांचा अतिरिक्त भार आहे आणि त्यावरचा उपाय औद्योगिकीकरण हा आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांच्या खात्याने दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी केली, १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि १९४५ मध्ये जलमार्ग व सिंचनाचा केंद्रीय आयोग स्थापन झाला. चरख्याकडे परत चला म्हणणाऱ्यांना त्यांनी १९४५ च्या ग्रंथात उत्तर दिले. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय माणूस पशूच्या पातळीवर राहतो, हा त्यांचा मुद्दा. यंत्राने दुःख झाले असेल तर दोष यंत्राचा नाही, ते खाजगी मालकीत ठेवणाऱ्या समाजव्यवस्थेचा, हेही त्यांनी तिथेच सांगितले. आणि मग १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले. शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जात-पात न पाहता गावकऱ्यांच्या गटांना कसायला द्यावी, पाणी, अवजारे, बी-बियाणे, खते राज्याने पुरवावीत. आधी जमिनीचा प्रश्न आणि त्याच हाताने अवजाराचा प्रश्न. हे आमच्या मते या देशातले पहिले खरे तंत्रज्ञान धोरण होते. संविधान सभेने ते घेतले नाही.

त्यानंतर दिल्लीने जी धोरणे केली त्यांची यादी मोठी आहे. १९५८ चा विज्ञान धोरणाचा ठराव, १९८३ चे तंत्रज्ञान धोरण, २००३ चे विज्ञान आणि तंत्रज्ञान धोरण, २०१३ चे नवोपक्रमाचे धोरण, २०२० च्या अखेरचा आणखी एक मसुदा. आम्ही ती वाचली आहेत. वाचताना चांगली वाटतात. स्वावलंबन, दुर्बलांचा विचार, रोजगार, समता, सगळे शब्द आहेत. जमीन कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न एकातही नाही.

जग वेगळे काही सांगते का? विकसनशील देशांच्या प्रगतीची गोष्ट निघाली की आपले अर्थपंडित दक्षिण कोरिया आणि तैवानचे नाव घेतात. बघा, त्यांनी इलेक्ट्रॉनिक्समध्ये कुठे मजल मारली! खरे आहे. पण त्या देशांनी चिप बनवण्याआधी काय केले ते सांगत नाहीत. तैवानने १९४९ मध्ये खंड कमी केला आणि १९५३ मध्ये कसेल त्याची जमीन केली. कोरियात १९५० च्या सुमारास जमीनदारी मोडली, धारणेला तीन हेक्टरची मर्यादा घातली. कुळाचा मुलगा जमिनीचा मालक झाला, शाळेत गेला, मग कारखान्यात गेला. आपण मधली पायरी गाळून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारायला निघालो आहोत.

आता ड्रोनकडे येऊ. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली. गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करायची आणि घरमालकाला मिळकत पत्रिका द्यायची. १८ जानेवारी २०२५ ला एकाच दिवशी देशभरात ६५ लाखांहून अधिक पत्रिका वाटल्या गेल्या. पत्रिका म्हणजे कर्ज, पत्रिका म्हणजे वारसा हक्क. योजना चांगली आहे. मात्र ड्रोन मोजतो ते गावठाण. गावठाणाची हद्द जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली जिल्हाधिकारी ठरवतो आणि प्रत्यक्षात ती जुन्या नकाशांवरून चालत आलेली आहे. जुन्या नकाशात गावकुसाच्या आत कोण होते आणि बाहेर कोण होते हे आम्ही वाचकांना सांगायला नको. अनेक गावांत आमची वस्ती, पारध्यांची पाले, भिल्लांची घरे गायरानात किंवा गावठाणाला लागून सरकारी पडीक जमिनीवर आहेत, कारण आत जागा दिलीच नव्हती. ड्रोनचा कॅमेरा ही घरे पाहतो. पत्र्यावरचे दगडसुद्धा त्यात दिसतात. पण हद्दीची रेघ आली की पत्रिका थांबते.

आणि त्याच रेघेच्या पलीकडे नोटिसा पोचल्या. २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरानावरची सव्वादोन लाखांच्या घरातली बांधकामे काढण्याची तयारी सुरू झाली, तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये काय घबराट उडाली ते आम्ही पाहिले आहे. दिवाळी नुकतीच झाली होती. बायका नोटीस हातात घेऊन विचारत होत्या, ‘कधी येणार?’ म्हणजे जेसीबी कधी येणार. या साऱ्याच्या मुळाशी सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपालसिंग विरुद्ध पंजाब हा निकाल आणि त्यावरून राज्याने काढलेला १२ जुलै २०११ चा शासन निर्णय आहे. सार्वजनिक जमिनी धनदांडग्यांनी बळकावल्या, त्या मोकळ्या करा, असा तो निकाल. पण अधिकारी तो अर्धाच वाचतात. त्याच निकालाच्या शेवटी न्यायालयाने स्पष्ट अपवाद ठेवला आहे. शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेली जमीन असेल, किंवा तिथे शाळा, दवाखाना अशी सार्वजनिक सोय असेल, तर नियमित करता येते. १९९१ चा शासन निर्णय या अपवादाच्या दारात उभा राहतो, हे आमचे म्हणणे आहे आणि आम्ही ते प्रत्येक सुनावणीत मांडतो. एका कचेरीत एका साहेबांनी आम्हाला विचारले, ‘वकीलसाहेब, हे कुठे लिहिले आहे?’ निकालाची प्रत त्यांच्याच फायलीत लावलेली होती. आम्ही पान उलटून दाखवले. त्यांनी वाचले आणि पुढची तारीख दिली.

यंत्राच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दर दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. माणसाचे नावच अवजारावरून! मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर फेडायची. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तीही संपाच्या इशाऱ्यांनंतर. इकडे २०२३ मध्ये शासनाने ९०० ऊसतोडणी यंत्रांना अनुदान जाहीर केले, किमतीच्या ४० टक्के किंवा जास्तीत जास्त ३५ लाख रुपये. यंत्र आले पाहिजे, असेच आम्ही म्हणू. पाचटात वाकून कंबरडे मोडणारे, बाईच्या गर्भाशयावर उठणारे ते काम माणसाने का करावे? गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरू नये म्हणून २०१३ चा कायदा आहे, चांद्रयान ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रावर उतरले, तरी टाकीत मरणाऱ्यांच्या बातम्या थांबत नाहीत. तिथे यंत्र येत नाही, कारण तिथे माणूस स्वस्त आहे. उसाच्या फडात यंत्र येते आहे, कारण तिथे माणूस मिळेनासा झाला आहे. दोन्हीकडे निर्णय माणसाच्या सुखदुःखावरून झालेला नाही. ३५ लाख यंत्राच्या मालकाला मिळणार, पण त्या यंत्रामुळे ज्या कोयत्यांचा हंगाम जाईल, त्यांच्या हाताला दुसरे काय देणार? टोळीतल्या मुलामुलींनाच ते यंत्र चालवायला शिकवून, त्यांचीच सहकारी संस्था करून अनुदान दिले असते तर? प्रवरेच्या काठावर सहकार कसा करायचा हे शिकवायला बाहेरून कुणाला बोलवावे लागत नाही.

यंत्राला नाही म्हणता येते, हेही या जिल्ह्याने दाखवले आहे. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेणे बंद केले, गावचे पाणी मोजायला आणि त्याप्रमाणे पिके ठरवायला सुरुवात केली. ग्रामसभेने ठरवले की कोणते तंत्र हवे आणि कोणते नको. तिथल्या बाकीच्या गोष्टींबद्दल मतभेद असू शकतात, आमचेही आहेत. पण यंत्र आले की ते निमूट स्वीकारायचे, असा काही निसर्गनियम नाही.

म्हाताऱ्या बाबांच्या प्रकरणात आम्ही काय केले ते सांगतो, म्हणजे ज्यांची तीच अडचण आहे त्यांना उपयोग होईल. ॲपमध्ये नोंद होत नाही म्हणून आम्ही तलाठ्याकडे लेखी अर्ज दिला, त्यात गट नंबर, चतुःसीमा, पेरलेले पीक आणि ताब्याची वर्षे लिहिली आणि पोच घेतली. त्यासोबत गाव नमुना १-ई चा उतारा मागितला. उतारा मिळत नव्हता, म्हणून माहिती अधिकारात १९७८ ते १९९० पर्यंतच्या नोंदवहीची प्रत मागितली. ती आली, त्यात एकोणीसशे चौऱ्याऐंशी सालाला बाबांच्या वडिलांचे नाव निघाले. शाई फिकी झाली होती, पण वाचता येत होते. पिकाचा फोटो नातवाने आपल्या मोबाइलवर तारखेसह काढला आणि शेजारच्या दोन खातेदारांची प्रतिज्ञापत्रे घेतली. एका मराठा शेतकऱ्याने सही द्यायला क्षणही लावला नाही, हेही नमूद केले पाहिजे. मग तहसीलदारांमार्फत १९९१ च्या शासन निर्णयाखाली नियमित करण्याचा प्रस्ताव गेला. कलम ५० खाली अतिक्रमण काढण्याची नोटीस आली, तर उत्तरात हे सर्व कागद जोडायचे आणि तोंडी काही बोलायचे नाही, लेखीच द्यायचे.

प्रस्तावाला अजून उत्तर नाही. बाबांनी रब्बीची ज्वारी पेरली आहे. ज्यांच्याकडे दंडाच्या जुन्या पावत्या असतील त्यांनी त्या उंदरांपासून जपाव्यात आणि आधी दोन झेरॉक्स काढून ठेवाव्यात. मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊ नये, आमच्याही नाही.